एकच नळी

मिर्ता कामावरून येते ती थेट न्हाणीघरात.
मी दाराबाहेर स्टुलावर टॉवेल ठेवतो
आणि चोरासारखा चार पावलं मागे सरतो.
हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ती दिवसाला
चारशे साठ चादरींच्या घड्या घालते, तिनेच मोजल्यात.
घरी आमची एक चादर
तशीच चुरगळलेली राहू देते.

माझी बस बंद. म्हणजे बस चालू आहे,
बंद मी. छप्पन्न पूर्ण, छातीत जुनी घरघर;
कंपनी म्हणाली, बसा घरी.
एकोणतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो,
"पुढे सरका, आत जागा आहे."
आता स्वयंपाकघरात एकटाच पुढे सरकतो.
आत जागाच जागा.

तिकिटांचा एक रोल माझ्या खिशात राहून गेला.
रोज एक फाडतो, मागे लिहितो:
मंगळवार. नळाचा वायसर बदलला.
बुधवार. काही नाही.
गुरुवार. काही नाही, पण सावकाश.

सकाळी येर्बा.
मुठीएवढा सुका भोपळा, त्यात कडू हिरवा पाला,
वरून गरम पाणी, आणि चांदीची नळी.
एकच.
आमच्या मोंतेविदेओत हा भोपळा हातोहात फिरतो,
ड्रायव्हरकडून माझ्याकडे, माझ्याकडून
पहिल्या बाकावरच्या अनोळखी म्हातारीकडे.
नळी कुणी पुसत नाही.
पुसलीत, तर समोरच्याच्या थोबाडीत मारल्यासारखं.
उष्टं हा शब्द इथे कुणी उच्चारत नाही,
पितात मात्र सगळे तेच.

मार्चमध्ये एका शुक्रवारी
मिर्ताने बाजारातून दुसरा भोपळा आणला.
"हा तुझा," म्हणाली. रागाने नाही, प्रेमानेही नाही,
मी तिकीट फाडून देतो तसं.
एकतीस वर्षांनी मला कळलं
की पाणी मला फारच गरम लागतं,
आणि तिला कळवावंसं वाटलं
की संत्र्याची साल तिला आवडत नव्हती.
कधीच.

एप्रिल. आमच्याकडे पानगळ.
झाडणाऱ्याला सुट्टी, म्हणून पानं फुटपाथवर
आपापली थप्पी लावून बसलेली.
गच्चीवर त्रुकोचा डाव मांडायचा ठरला.
पत्ते होते, गुण मोजायला घेवड्याचे दाणे होते,
खुर्च्या दोन-दोन मीटरवर.
पण त्रुको तोंडाने खेळायचा खेळ!
भिडूने ओठ चावला म्हणजे तिर्री,
गाल फुगवला म्हणजे शुद्ध थाप.
मास्कमागून वाल्देमार मला काय सांगणार?
नुसत्या भुवया. भुवयांत मावून मावून किती मावणार?
त्याची बहीण ओफेलिया म्हणाली, मास्कवर ओठ काढू.
काढले, लाल स्केचपेनने.
सगळा डाव तिचं तोंड हसरं राहिलं
आणि आम्ही तीस दाण्यांनी झोपलो.
तिचा भिडू एर्मेनेहिल्दो मात्र पुढच्या शनिवारी आला नाही.
त्याच्या पुढच्याही नाही.
त्याची खुर्ची आम्ही अजून घडी केलेली नाही,
पावसात तिचं कापड फुगलंय.

रात्री नऊला लोक खिडक्यांतून टाळ्या वाजवतात.
मीही वाजवल्या, जोरात, तळवे लाल होईस्तोवर.
"कुणासाठी एवढं?" मिर्ताने आतून विचारलं.
"तुझ्यासाठी."
"मग पाणी तापव," ती म्हणाली, "पाय शेकायचेत."

काल ती रात्रपाळी करून आली,
अंघोळ करून ओल्या केसांनी टेबलाशी बसली,
डोळे मिटलेले, हात चाचपडत पुढे,
आणि माझा भोपळा उचलून
तळाशी खुळखुळ आवाज येईपर्यंत प्यायली.
साल होती त्यात. तोंडही वाकडं केलं नाही.
मग तिथेच, कोपरावर डोकं टेकून, झोपली.

मी पाणी पुन्हा ओतलं.
फडकं हाताशी होतं, धुतलेलं, कोरडं.
ते तिथेच राहिलं.

रविवार. पाणी जरा जास्तच गरम होतं.